रुग्णाला खाट द्या, तशी खुर्चीही द्या

सार्वजनिक रुग्णालयांच्या कारभारात रुग्णांना आणि सामान्य नागरिकांना स्थान असावे, अशी मागणी ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत कोणी केली की ठरलेली उत्तरे येतात. वैद्यकशास्त्र हा जाणकारांचा प्रांत आहे, त्यात लोकांनी लुडबुड करू नये. लोकांचे प्रतिनिधी म्हणून नगरसेवक आहेतच. समित्या नेमल्या की राजकारण शिरते आणि डॉक्टर टिकत नाहीत. खरा प्रश्न पैशांचा आणि रिक्त पदांचा आहे, तो सुटला की बाकीचे आपोआप मार्गी लागेल. ही उत्तरे देणारे सगळेच रुग्णांचे वैरी नाहीत. त्यांत ओपीडीच्या रेट्याने थकलेले डॉक्टर आहेत, प्रामाणिक अधिकारी आहेत, आमच्यासारखे सुशिक्षित मध्यमवर्गीयही आहेत. म्हणून या उत्तरांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. एकेकाचा समाचार घ्यायला हवा. माझ्या मते ही चारही उत्तरे चुकीची आहेत आणि त्यांची किंमत या पट्ट्यातले गरीब लोक मोजत आले आहेत.

सुरुवात कळव्यापासून करू. ठाणे महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये २४ तासांत १८ रुग्ण दगावले. १० स्त्रिया आणि ८ पुरुष. १२ जणांनी पन्नाशी ओलांडलेली होती. प्रशासनाने तेव्हा सांगितले, की यांतले अनेक रुग्ण अत्यवस्थ अवस्थेतच आणले गेले होते. त्याच सुमारास ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची जुनी इमारत पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली होती, त्यामुळे कळव्यावरचा भार वाढला होता. राज्य सरकारने आरोग्य सेवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली.

प्रशासनाचे स्पष्टीकरण खोटे होते असे मी म्हणत नाही. ते अपुरे होते. रुग्ण अत्यवस्थ होऊन कळव्याला पोचतो, तोवर बरेच काही घडून गेलेले असते. पहिल्या दिवशी तो कुठे गेला? ‘बेड नाही’, ‘डॉक्टर रजेवर आहेत’, ‘पुढे न्या’, यांतले नेमके काय ऐकून तो तिथून बाहेर पडला? मध्ये किती दिवस घरी पडून राहिला, आणि का? केसपेपरवर यातले काही नसते. तिथे दाखल झाल्याची तारीख आणि वेळ असते. आधीची सगळी हकिकत फक्त घरच्यांना ठाऊक असते. चौकशी मात्र अधिकाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी करायची होती. ज्यांना ही हकिकत ठाऊक, त्यांच्यासाठी त्या टेबलाशी खुर्ची नव्हती.

शहापूर तालुक्यातल्या एखाद्या बाईची वाट डोळ्यांसमोर आणा. आजारी नवऱ्याला घेऊन ती पाड्यावरून जीपने आसनगावला येते. तिथून कळवा रेल्वेने सुमारे ५० किलोमीटर. कसाऱ्याहून येणाऱ्या बहुतेक लोकल कल्याणच्या पुढे जलद धावतात, त्या कळव्याला थांबत नाहीत. म्हणजे कल्याणला उतरायचे, जिना चढायचा, धीम्या गाडीत शिरायचे. नाहीतर थेट ठाण्याला जाऊन उलट यायचे. कळवा स्टेशनावरून पुन्हा रिक्षा. एवढे करून पोचेपर्यंत केसपेपरची खिडकी बंद व्हायला आलेली. आज तपासणी झालीच तर सोनोग्राफीला पुढची तारीख, रिपोर्ट घ्यायला आणखी एक फेरी. प्रत्येक फेरीला एक मजुरी बुडते. दोन फेऱ्यांनंतर ती येणे थांबवते, आणि महिन्याभराने परत येते तेव्हा नवरा शुद्धीवर नसतो. नोंदवहीत लिहिले जाते, की रुग्णाला उशिरा आणले.

केसपेपरची खिडकी किती वाजेपर्यंत उघडी ठेवावी, लांबून आलेल्या माणसाचे रक्त, एक्सरे आणि तपासणी एकाच दिवशी कशी उरकावी, हे ठरवायला एमबीबीएस लागत नाही. त्याला कसारा लोकलचे वेळापत्रक आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब ठाऊक असावा लागतो. ‘जाणकारांचा प्रांत’ या पहिल्या उत्तरातली चूक इथेच आहे. कोणते इंजेक्शन द्यावे हे रुग्णांनी ठरवावे, असे कोणीही म्हणत नाही. पण रुग्णालय म्हणजे फक्त इंजेक्शन नव्हे. रांग, वेळ, भाषा, प्रसूतिकक्षातली वागणूक, रात्री नातेवाइकाने कुठे पाठ टेकायची, औषध इथे मिळणार की बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडणार, रुग्णवाहिका कोणाला आणि किती वेळात, हे सगळे मिळून सेवा होते. या विषयांतले जाणकार वॉर्डातल्या खाटेवर आणि खाटेखाली सतरंजी टाकून बसलेले असतात.

उपचारांच्या बाबतीतही रुग्णाचे ज्ञान दुय्यम नसते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर वर्षानुवर्षे अशी इंजेक्शने दिली गेली, ज्यांनी कित्येकांची श्रवणशक्ती गेली. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन त्यांपैकी एक. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी, दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या आणि दोघींनीही ऐकू येणे गमावलेले, बेडाक्विलीन या तोंडाने घ्यायच्या औषधावरचा मक्ता लांबवण्याच्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या प्रयत्नाला हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. कान गमावल्यावर काय होते हे ज्यांनी सोसले, त्यांनी हा लढा दिला आणि त्याचा लाभ देशभरच्या रुग्णांना झाला.

ठाण्याला तर आणखी जवळचा दाखला आहे. १९०१ सालापासून इथे मनोरुग्णालय आहे. मनोरुग्णाला स्वतःचे हित कळत नाही, अशी समजूत समाजात किती खोल रुजलेली आहे हे सांगायला नको. तरीही संसदेने २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात पुनर्विलोकन मंडळांची तरतूद केली, आणि त्यांत जिल्हा न्यायाधीश, मनोविकारतज्ज्ञ यांच्या बरोबरीने दोन जागा मानसिक आजार असलेल्या व्यक्ती, त्यांचा सांभाळ करणारे नातेवाईक किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी ठेवल्या. रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवून घेणे योग्य आहे का, यासारखे नाजूक प्रश्न या मंडळापुढे येतात. स्किझोफ्रेनियातून सावरलेला माणूस अशा मंडळावर बसू शकतो, तर डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयात येणारा रिक्षाचालक रुग्णालयाच्या समितीवर का बसू शकत नाही?

आणि कल्याणकरांनी तरी हे विसरू नये. भारतातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, आनंदीबाई जोशी, ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मल्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल योग्य उपचारांअभावी दहाच दिवसांत गेले, त्यानंतर त्यांनी वैद्यकाचा ध्यास घेतला. परदेशी जाण्यापूर्वी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जे मांडले, त्याचा गाभा असा होता, की या देशाला स्त्री डॉक्टरांची निकड आहे. आपल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जायला कचरतात आणि त्यापायी मरतात, हे कुठल्याही वैद्यकीय ग्रंथात लिहिलेले नव्हते. ते त्यांना आई म्हणून कळले होते. डॉक्टरकीची पदवी १८८६ मध्ये नंतर आली.

दुसरे उत्तर नगरसेवकांचे. हे उत्तर वरवर पाहता बिनतोड वाटते, म्हणून त्याकडे नीट पाहू. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून लोकनियुक्त सभागृहच नव्हते. कळव्यात १८ माणसे गेली तेव्हा महापालिकेत जाब विचारायला एकही नगरसेवक पदावर नव्हता. आता १५ जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर नगरसेवक आले आहेत, याचे स्वागतच आहे. पण कळव्यात मृत्यू पावलेले १८ जण कुठले होते ते आठवा. ठाणे शहरातले फक्त ६. कल्याणचे ४, शहापूरचे ३, बाकीचे भिवंडी, उल्हासनगर, गोवंडी अशा ठिकाणचे, आणि एकाची तर ओळखही पटली नव्हती. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश मृत असे, ज्यांचे ठाणे महापालिकेच्या मतदारयादीत नाव असण्याचे कारण नव्हते. ठाण्याचा नगरसेवक कितीही कळकळीचा असला तरी शहापूरच्या पाड्यावरच्या बाईला उत्तर देण्यास तो बांधील नाही. शहापूरचा जिल्हा परिषद सदस्य कळव्याच्या अधिष्ठात्यांना विचारू शकत नाही. कल्याणचा नगरसेवक ठाण्याच्या सभागृहात बसत नाही. जिल्ह्याच्या मोठ्या भागाचा भार वाहणारे रुग्णालय एका शहराची महापालिका चालवते, आणि त्याच्या बहुतेक गरजू रुग्णांना तिथे मतच नाही. ‘बाहेरच्या रुग्णांमुळे ताण येतो’ असे प्रशासन म्हणते तेव्हा ते नकळत हेच कबूल करते. ज्यांना मत नाही त्यांना निदान समितीवर जागा द्यावीच लागेल. ही उणीव निवडणुकीने भरून निघणारी नाही.

कल्याण-डोंबिवलीची गोष्ट याच साखळीतली. २०११ च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. महापालिकेची मोठी रुग्णालये दोन: कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर. तिथून रुग्णाला ‘रेफर’ करून कळव्याला किंवा मुंबईला पाठवणे ही इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये, कळव्याच्या घटनेला महिना होतो न होतो तोच, रुक्मिणीबाई रुग्णालयात दाखल करून न घेतलेली एक गर्भवती दारातच बाळंत झाल्याच्या बातमीने कल्याण हादरले. अशा वेळी चौकशी होते, कोणाला नोटीस जाते, प्रकरण मिटते. पण महिन्याला किती रुग्ण पुढे पाठवले, का पाठवले आणि ते पुढे पोचले की नाही, याचा हिशेब लोकांसमोर कोणी मांडत नाही. तो मागणारी जागाच रुग्णालयाच्या रचनेत नाही.

तिसरे उत्तर राजकारणाचे. समिती आली की गावगुंड येतील, डॉक्टरांना दमदाटी होईल, ही भीती खोटी नाही. डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. पण हल्ले होतात ते समित्यांच्या बैठकांत नव्हे. ते होतात रात्री दोन वाजता, कॅज्युअल्टीच्या दारात, जेव्हा काय चालले आहे हे कोणी सांगत नाही आणि विचारायला कोणी नसते. ज्या घरातले माणूस गेले, त्यांना शांतपणे प्रश्न मांडण्याची आणि लेखी उत्तर मिळण्याची हक्काची जागा असेल, तर त्यांचा राग निवासी डॉक्टरच्या कॉलरपर्यंत जाण्याचे प्रसंग कमी होतील. ती जागा डॉक्टरांच्याही संरक्षणाची आहे.

हे आपल्याकडे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांना मी मुरबाडकडे बोट दाखवतो. कल्याणपासून तीसेक किलोमीटरवर. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ मध्ये महाराष्ट्रात ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली ती पाच जिल्ह्यांत: अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात मुरबाड, डहाणू, जव्हार हे तालुके त्यात होते. पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्य पातळीवर समन्वय करत होती, गावपातळीवर स्थानिक संघटना होत्या. गावकऱ्यांच्या समित्या उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची पाहणी करत. परिचारिका गावात येते का, लसीकरण होते का, औषधे मिळतात का, कोणी पैसे मागते का, असे प्रश्न. उत्तरांवरून प्रगतिपत्रक भरायचे: चांगल्याला हिरवा रंग, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल. अक्षर न ओळखणाऱ्या बाईलाही आपल्या केंद्राची स्थिती भिंतीवर दिसायची. मग जनसुनावणी. समोर वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि माइकसमोर कातकरी, वारली, ठाकूर बायाबापड्या. पहिल्या फेरीत गावपातळीवरच्या सेवांपैकी ४८ टक्के सेवांना लोकांनी ‘चांगल्या’ म्हटले होते. तिसऱ्या फेरीपर्यंत हे प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले.

यात डॉक्टर पळून गेले का? उलट, रिक्त पद भरा, औषधांचा पुरवठा वेळेवर करा, केंद्राची गळकी इमारत दुरुस्त करा, या मागण्या जनसुनावणीत लोकांनीच लावून धरल्या, तेव्हा अनेक वैद्यकीय अधिकाऱ्यांना वरिष्ठांपुढे प्रथमच कोणाची तरी साथ मिळाली. या प्रयोगाला मर्यादा होत्या. निधी रखडला, संघटनांच्या बळावर बरेच अवलंबून राहिले, सरकारचा उत्साह पुढे ओसरला. पण जे आदिवासी पाड्यावर घडू शकले ते घोडबंदर रोड, लोकमान्यनगर, मोहने, कोपर किंवा मुंब्र्यात घडू शकत नाही, असे म्हणणाऱ्याने कारण द्यावे. साक्षरता जास्त, वर्तमानपत्रे जास्त, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे, रुग्णमित्र, निवृत्त परिचारिका आणि डॉक्टर गल्लोगल्ली. माणसांची वाण नाही.

कायद्याचीही वाण नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये मंजूर झाले. त्यात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती आणि तिला वर्षाला ५ हजार रुपयांचा निधी अशी योजना आहे. रुग्ण कल्याण समित्यांचा आराखडा आहे. महापालिका कायद्यानुसार प्रभाग समित्यांवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. या तरतुदींचे पुढे काय होते, ते रुग्ण कल्याण समितीच्या इतिहासावरून कळते. १९९४ साली सुरतेच्या प्लेगच्या भीतीतून इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाची सफाई लोकांच्या साहाय्याने झाली, त्यातून ही कल्पना निघाली आणि देशभर गेली. पुढे बहुतेक ठिकाणी ती अधिकारी आणि पदाधिकाऱ्यांची खर्च मंजूर करणारी समिती होऊन बसली. रुग्णाचे नाव पाटीवर राहिले आणि रुग्ण बाहेर. म्हणून नुसती समिती नको. तिच्यात कोण बसणार आणि तिच्या प्रश्नाला उत्तर देणे कोणावर बंधनकारक, हे लिहून ठेवले पाहिजे. ब्राझीलने १९९० च्या कायद्याने आरोग्य परिषदांतल्या निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्यांना दिल्या. निम्म्या, एखाददुसरी नव्हे.

चौथे उत्तर पैशांचे. डॉक्टर, परिचारिका, खाटा, यंत्रे यांची टंचाई खरी आहे आणि तिच्याविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. पण पैसा आला की सेवा सुधारतेच, हा समज अनुभवाला उतरत नाही. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशात, तपासणी यंत्रणा असताना, स्टॅफर्ड रुग्णालयात वर्षानुवर्षे रुग्णांची भयंकर हेळसांड झाली. कागदोपत्री रुग्णालय ठीक होते. ते बाहेर काढले ज्युली बेली आणि त्यांच्यासारख्या, आपली माणसे तिथे गमावलेल्या कुटुंबांनी. २०१३ च्या फ्रान्सिस चौकशी अहवालाने त्यांचे म्हणणे खरे ठरवले. पैसा कुठे गळतो आणि कुठे पुरत नाही, हे खालून पाहणाऱ्याला आधी दिसते. शिवाय तुटपुंजा पैसा असेल तर तो कशावर आधी खर्च करायचा हा प्रश्न अधिकच मोलाचा ठरतो. नवी इमारत की रात्रपाळीला स्त्रीरोगतज्ज्ञ? कमान की शववाहिका? हे ठरवताना ज्याला त्याची झळ बसते तो खोलीत असावा.

तक्रारपेटी आणि अॅप पुरेसे नाही का, असेही विचारले जाते. तक्रार ही घडून गेलेल्या गोष्टीची असते आणि एकट्याची असते. ज्याला उद्या पुन्हा त्याच वॉर्डात यायचे आहे तो तक्रार लिहीत नाही. निर्णय होताना हजर राहणे हा वेगळा हक्क आहे. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनात सहभाग हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य मानले, आणि भारत त्या परिषदेत होता.

मग करायचे काय, ते नेमके सांगतो. कळवा, रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर या तीन रुग्णालयांसाठी दोन्ही महापालिकांनी सभागृहात ठराव करून रुग्ण-नागरिक समित्या स्थापाव्यात. निम्म्या जागा गेल्या दोन वर्षांत तिथे उपचार घेतलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना. त्यांत निम्म्या स्त्रिया. कळव्याच्या समितीत शहापूर, मुरबाड, भिवंडी आणि कल्याणच्या जागा राखीव. बाकीच्या जागांवर परिचारिका, आशाताई, निवासी डॉक्टर आणि प्रशासन. दर दोन वर्षांनी सभासद बदलावेत, म्हणजे मक्तेदारी होणार नाही. येणाऱ्याला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी, नाहीतर फक्त निवृत्त आणि सुखवस्तू लोकच येतील. समितीच्या प्रत्येक प्रश्नाला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे. दर महिन्याला रेफर केलेल्या रुग्णांची संख्या आणि कारणे, औषधसाठा आणि रिक्त पदे दर्शनी भागात लावावीत. वर्षातून दोनदा जनसुनावणी घ्यावी. मृत्यूंचा आढावा रुग्णाची ओळख झाकून समितीपुढे ठेवावा. एवढ्यासाठी लागणारा पैसा रुग्णालयाच्या वार्षिक खर्चात नगण्य आहे.

ठाण्यात १३१ आणि कल्याण-डोंबिवलीत १२२ नगरसेवक निवडून आले आहेत. तुमच्या प्रभागातल्या चौघांपैकी एकाला तरी या आठवड्यात भेटा आणि हा ठराव कधी मांडणार ते लेखी विचारा. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जा, महिला आरोग्य समितीच्या सभासदांची यादी आणि मागच्या बैठकीचे इतिवृत्त मागा. ते मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. खाजगी रुग्णालयाचा विमा खिशात असलेल्यांनीही हे करावे. कळव्यात त्या २४ तासांत गेलेल्या १८ जणांच्या घरच्यांना जे सांगायचे होते ते ऐकून घेणारी जागा आपण करून ठेवली नव्हती. ती करणे आता आपल्या हातात आहे आणि तिला उशीर करण्याचे एकही सबळ कारण कोणी दिलेले नाही.